बोर्डावरचे चारशे चौदा दिवस

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन महिन्यांनी वही उघडली. आज लिहायलाच हवं.

मी नाशिकला चाललेय! शुक्रवारी तिथं सेफ्टी ऑफिसरांची परिषद आहे आणि आमच्या गोदामातर्फे मी बोलणार. खरं तर प्रितेश सर जाणार होते. ते आमचे मॅनेजर, मी त्यांच्या हाताखालची सेफ्टी ऑफिसर. ‘चारशे अपघातमुक्त दिवस’ हे भाषण सप्टेंबरपासून मीच लिहितेय. आकडे मी काढले, फोटो मी काढले, नाव तेवढं त्यांचं. मला त्याचा राग होता, इथं खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा स्वतः ओतून दिला. म्हणाले, “मृणाली, सासूबाईंचं ऑपरेशन अचानक ठरलंय. नाशिकला तू जा. मेहनत तुझी आहे, मान पण तुलाच मिळू दे.” घरी येऊन आयोजकांचा मेल पाहिला तर भाषणापुढचं नाव काल संध्याकाळीच बदललेलं. म्हणजे मी काल सुट्टीवर असतानाच त्यांनी माझं नाव दिलं होतं. एवढा विश्वास या कंपनीत चार वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

काल काकाच्या ऋतिकाचं लग्न होतं. सुट्टीचा अर्ज द्यायचा राहिला होता, तो आज घेऊन गेले तर सर म्हणाले, “राहू दे ग, मी हजेरी लावून टाकलीय.” माणूस बदलतो तो असा.

बाकी विशेष काही नाही. सहा नंबरची लाइन पट्टी लावून बंद ठेवलीय, रॅकचं मोजमाप करायचंय म्हणे. फोर्कलिफ्टवाला दामू आला नाही. हेल्पर शैलेश पण नाही. तो रविवारी गावात ताडावरून पडला, असं त्याचा कंत्राटदार सांगत होता. ताडी काढायला चढला असेल. ही पाड्यावरची पोरं ऐकतात कुठं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळपासून जायचं कसं याचाच घोळ. कल्याणहून नाशिक रोडची गाडी बघितली तर वेटिंग बासष्ट. तत्काळला दहाच्या ठोक्याला बसले, पैसे भरेपर्यंत संपलं. सर म्हणाले, “शुक्रवारी पहाटे निघायची रिस्क घेऊ नकोस. उद्या सकाळीच जा, आराम कर, परवा फ्रेश बोलशील. हॉटेलचं मी बघतो.” एका दिवसाच्या परिषदेला दोन रात्रींचं हॉटेल! आमच्या कंपनीत मास्कचं खोकं मागितलं तर तीन सह्या लागतात.

शेवटी एसटी ठरली. दादा, म्हणजे माझा भाऊ कुणाल, भिवंडीच्या स्टँडवर सोडेल. आईनं निळी साडी काढली, मी म्हटलं शर्टपँट घालणार, तर ती म्हणाली, “स्टेजवर हाय ना तू? मंग साडीच.” बाबा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. आमचं हे गोदाम जिथं उभं आहे तिथं त्यांची भाताची जमीन होती. जमीन दिली तेव्हा दादाचे दोन टेम्पो गोदामात लागले आणि पुढं मला नोकरी. बाबा म्हणतात, “जमीन गेली, पन पोरगी तिथंच सायेब झाली.”

दुपारी आकडे ताजे करायला बसले. परवा स्टेजवर उभी राहीन तेव्हा बोर्डावर ४१४ असेल. ‘आजपर्यंत एकही अपघात नाही’ असं हमीपत्र आयोजकांना द्यावं लागतं. सरांनी ते छापूनच ठेवलं होतं, मी सही केली.

सव्वाचार वाजता गेटवरून फोन आला, एक बाई दोन तासांपासून बसलीय, हटत नाही, तुमचं नाव घेतेय. शैलेशची बायको निघाली, रोशनी. खारबावच्या पलीकडच्या पाड्यावरची. कडेवर पोर. गेटच्या बाहेर उन्हात उभी राहून बोलली.

“म्याडम, तो ताडावरनं न्हाय पडला. हितंच पडला. सोमवारी.”

मी म्हटलं, “तुला कुणी सांगितलं?”

“त्यानंच. शुद्धीवर होता तवा. आता बोलत न्हाय. कंत्राटदारानं बारक्या दवाखान्यात ठेवलाय. डॉक्टर म्हनतो डोक्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. न्यायचं तर कंपनीचा कागद लागंल, कामावर लागलं म्हनून, तर विम्यात फुकट घेतील. तो कागद तुमी देता असं त्यानंच मागं सांगितलेलं.”

मी खाली तिच्या पायांकडे बघत होते. चप्पल नव्हती. मी म्हटलं, “मी सोमवारी नव्हते. मला चौकशी करावी लागेल.”

“करा ना. मी बसते.”

मी आत जाऊन सरांना विचारलं. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “कंत्राटदार बघतोय. ही लोकं कंपनीचं नाव लावायला बघतात, तुला माहीत नाही का? तू परवाचं भाषण डोक्यात ठेव.” मग मान वर करून हसले. “चारशे चौदा, मृणाली. एक दिवस पण कमी नाही.”

बाहेर येऊन मी रोशनीला सांगितलं, नाशिकहून शनिवारी येते, आल्या आल्या बघते.

ती म्हणाली, “शनवारी?”

“हो. नक्की.”

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. खरं कोण बोलतंय मला माहीत नाही. मी तिथं नव्हते, तर लिहून कशी देऊ? चौकशीशिवाय कागद देणं हे नियमात बसत नाही. हे मी चार वेळा मनात म्हटलंय आणि चारही वेळा बरोबर वाटलंय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, नाशिक

हॉटेल छान आहे. खिडकीतून पूल दिसतो. संध्याकाळचे सहा वाजलेत, जेवायची इच्छा नाही.

सकाळी दादानं स्टँडवर सोडलं. बस अर्ध्या तासानं आली, खिडकी मिळाली. पडघ्यापर्यंत भाषण पाठ करत होते. शहापूर गेलं आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

“म्याडम, मी दामू. टेमघरला भयनीकडं हाय. कंत्राटदार बोलला, फोन बंद ठेव, आठ दिवस दिसू नको. पन मला झोप न्हाय.”

मी विचारलं, काय झालं सोमवारी?

“सहा नंबरची लाइट गेलेली. शिडी दुसऱ्या गोदामात. सर बोलले, शैलेशला मालाच्या लाकडी पॅलेटवर उभा कर नि फोर्क वर घे, पाच मिनिटांचं काम हाय. मी बोललो, म्याडम न्हाईत, परमिट न्हाय. तर सरांनी कागद आनून दाखवला. परमिट हाय बोलले. तुमची सही होती.”

“माझी?”

“तुमचीच. मी वळखतो ना. मंग मी घेतला वर. तिसऱ्या लेव्हलला पॅलेट फिरली.”

“बेल्ट लावला होता त्यानं?”

“कसला बेल्ट, म्याडम,” तो म्हणाला आणि रडायला लागला. कसारा घाट सुरू झाला आणि फोन कटला.

सही माझीच आहे. सप्टेंबरात पनवेलला ट्रेनिंगला गेले तेव्हा उंचीवरच्या कामाच्या बारा कोऱ्या परमिटवर सह्या करून ठेवल्या होत्या. काम अडायला नको म्हणून. सगळीकडे ठेवतात. आम्हाला शिकवणाऱ्या सरांनीसुद्धा हसत हसत सांगितलं होतं की ठेवू नका, पण ठेवालच.

बस इगतपुरीला दहा मिनिटं थांबली. मी पिशवी घेऊन खाली उतरले. समोर मुंबईकडे जाणारी गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता, शहापूर, भिवंडी, ठाणे. मी चहा घेतला. कागद लिहून द्यायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मग उद्या स्टेजवर कोण उभं राहणार, हमीपत्राचं काय, आईनं साडीला इस्त्री केलीय ती, बाबा ओटीवर. आणि खरंच सांगायचं तर मला ते भाषण करायचं होतं. चार वर्षं मी हेल्मेट घाला, हेल्मेट घाला करत फिरतेय आणि कुणी माझ्याकडे बघत नाही. एकदा दोनशे माणसं बघणार होती.

नाशिकच्या बसचा हॉर्न वाजला. मी चढले.

चढल्यावर सरांना मेसेज केला, शैलेशला मोठ्या दवाखान्यात हलवा, प्लीज. त्यांनी अंगठा पाठवला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

माझं भाषण अकरा वीसला झालं. आवाज कापला नाही. ‘आज बोर्डावर चारशे चौदा’ म्हटल्यावर टाळ्या झाल्या. मी टाळ्या संपायची वाट पाहिली, भाषणात तसं लिहिलंच होतं.

मग प्रश्न. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते, कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माईक मागितला. “थोडक्यात टळलेले अपघात किती नोंदवलेत तुम्ही?”

“एकही नाही, सर.”

“चारशे दिवसांत कुणाचा पाय घसरला नाही, खोकं पडलं नाही?”

“नाही, सर.”

“मग तुमच्याकडे अपघात होत नाहीत असं नाही, बाई. तुमच्याकडे तुम्हाला कुणी काही सांगत नाही.”

लोक हसले. मी पण हसले. मला सांगणारी बाई परवा गेटवर उभी होती, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. सूत्रसंचालकानं आभार मानले आणि हातात स्मृतिचिन्ह दिलं. फोटो निघाला. तो फोटो मी बघितला, मी चांगली दिसतेय.

जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभी होते तेव्हा दामूचा मेसेज आला. शैलेश सकाळी नऊला गेला.

म्हणजे मी साडी नेसत होते तेव्हा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आले. आईनं दारात ओवाळलं. बाबांनी पेढे वाटले आहेत, स्टेजवरचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय. पेढा खाल्ला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज सरांनी दार लावून घेतलं आणि माझ्यापुढे कागद ठेवला. माझा जबाब, टाइप केलेला. १० तारखेच्या सोमवारी अकरा वाजता मी सहा नंबरच्या लाइनला हजर होते, शैलेशला वर चढायला मी मनाई केली, तो न ऐकता स्वतःहून चढला, दामूनं माझ्या परवानगीशिवाय फोर्क उचलला.

“सर, मी त्या दिवशी लग्नात होते.”

“हजेरी आहे तुझी.”

“ती तुम्ही लावलीत.”

“मस्टरवर कोणी लावली ते लिहिलेलं नसतं.” त्यांनी दुसरा कागद काढला. परमिट. तारीख सोमवारची, अक्षर दुसऱ्याचं, सही माझी. “हे बघ, या जबाबात आपण दोघं वाचतो. कंत्राटदार त्या बाईला काहीतरी देईल. नाही तर बघ तूच. हजेरी तुझी, परमिट तुझं, हमीपत्र तुझं, आणि शुक्रवारी माईकवर चारशे चौदा तूच म्हणालीस. तोवर चार दिवस झाले होते.”

“माझ्याकडे लग्नातले फोटो आहेत.”

“दाखव ना. सेफ्टी ऑफिसर ड्युटी सोडून लग्नात नाचत होती, एवढंच कळेल त्यातून.”

त्यांच्या सासूबाईंचं ऑपरेशन कसं झालं, मी विचारलं. कसलं ऑपरेशन हे त्यांना आठवेना.

मी गुरुवारी नाशिकला असताना मुंबईहून हेड ऑफिसची माणसं आली होती, दिवसभर रेकॉर्ड बघत बसली होती, हे आज गेटवरच्या वॉचमननं सांगितलं. मला वाटलं होतं सर मला आराम करायला लवकर पाठवतायत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घरी सांगितलं. बाबांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, “सही कर.”

“बाबा, तो चढला नाही, त्याला चढवला.”

“मेलेल्या मान्साला काय फरक पडतो? तू आत गेलीस तर आपल्याला पडंल.”

दादा म्हणाला, “माझ्या टेम्पोंचं काय, ते पण बोल. उद्या गेट बंद करतील. हप्ते मी भरतो, तू न्हाय.” मग थोड्या खालच्या आवाजात, “तुला एवढंच होतं तर बुधवारीच कागद द्यायचा होतास ना. आता कुणासाठी करतेस?”

मी छापील जबाबाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं विचारलं, “त्याची बायको किती वर्षांची हाय?”

“बावीस असेल.”

आई उठून आत गेली. चूल पेटवायची वेळ नव्हती तरी भांड्यांचा आवाज येत राहिला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सरकारी निरीक्षक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. सर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार होते, त्यांनी सरांना बाहेर जायला सांगितलं.

मी छापील जबाब दिला नाही. तोंडानं सांगितलं. त्या सोमवारी मी नव्हते. हजेरी खोटी आहे. सही खरी आहे, पण कोऱ्या कागदावर केलेली. अशा बारा होत्या, सात शिल्लक आहेत, माझ्या खणात. शैलेशला वर घे असं दामूला सरांनी सांगितलं. त्या लिहीत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मागचं पान उलटलं.

“अपघात झाला हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?”

इथं मी गुरुवार म्हणू शकले असते. दामूचा फोन गुरुवारचा. बुधवारचं सर स्वतःहून सांगणार नव्हते, घरचे बोलले नसते आणि रोशनीला कुणी विचारलं नसतं.

“बुधवारी,” मी म्हटलं. “सव्वाचारला.”

“कुणी सांगितलं?”

“त्याच्या बायकोनं. तिनं कागद मागितला. मी दिला नाही.”

“आणि तुमचं भाषण?”

“शुक्रवारी.”

त्यांनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. लिहिलं, कागद फिरवला, सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. मी आधी सगळा वाचला.

बुधवार, ३ डिसेंबर

नोकरी गेली, म्हणजे निलंबन, पण परत कोण घेतंय. केसमध्ये पहिलं नाव माझं, दुसरं दामूचं, तिसरं कंत्राटदाराचं. प्रितेश सर साक्षीदार आहेत. त्यांची बदली झाली, पुण्याच्या गोदामात, त्याच पदावर. वकील म्हणतो, माझा जबाब होता म्हणून शैलेश कामावर पडला हे तरी आता कुणाला नाकारता येणार नाही, रोशनीची भरपाईची केस उभी राहील. किती वर्षांनी, ते तो सांगत नाही. दादाचे टेम्पो सोमवारपासून दारात उभे आहेत. तो माझ्याशी बोलत नाही. बाबा माझ्या आधी जेवून घेतात. ओटीवर आता कुणी थांबलं तरी ते माझा विषय काढत नाहीत.

आज पाड्यावर गेले. खारबावपर्यंत रिक्षा, पुढं चालत. कुणी सोबत यायला नको म्हणून घरी सांगितलं नव्हतं. घर शोधावं लागलं नाही, बायांनी मला पाहिलं आणि आपणहून हात करून दाखवलं. मी कोण, हे त्यांना कसं कळलं असेल कुणास ठाऊक.

रोशनी अंगणात भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, आतून पाणी आणून दिलं, बसायला खाट ओढली. ती स्वतः उभी राहिली. मी जबाबाचं सांगितलं, केसचं सांगितलं, वकिलाचा नंबर लिहून आणला होता तो दिला. तिनं तो घडी करून पोलक्यात ठेवला. माफी मागायची असं ठरवून गेले होते. मागितली. तिनं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. पोर सुपातले दाणे मुठीत घेऊन उधळत होतं, ती त्याच्याकडे बघत होती.

मी निघायला उठले तेव्हा ती म्हणाली, “म्याडम, एक इचारू?”

“विचार ना.”

“नाशिकला काय व्हतं?”

“एक परिषद होती. मोठी सभा.”

“कसली?”

मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. पण तिनं खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. एवढं काय असेल तिथं, हे तिला इतके दिवस कळलं नव्हतं.

“कामावर माणसांना लागू नये, कुणी मरू नये,” मी म्हटलं, “त्यासाठी काय करायचं, ते सांगायची सभा.”

रोशनी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पोराची मूठ उघडली, त्यातले दाणे एकेक करून सुपात टाकले, त्याला उचललं आणि घरात गेली. दार तिनं लावलं नाही. मी बराच वेळ अंगणात उभी होते, पण ती परत बाहेर आली नाही.